दुसऱ्याचा प्रथमपुरुष : द्वेष, सहिष्णुता आणि संवादाचा घाट

१

धर्मद्वेषातून घडणारी हिंसा आणि तिला उत्तर म्हणून उभे राहणारे सहिष्णुतेचे वाङ्मय यांचा विचार आपल्याकडे बहुधा दोन निराळ्या दालनांत होतो. हिंसेचा विचार समाजशास्त्रज्ञ, पत्रकार आणि विधिज्ञ करतात. सहिष्णुतेच्या वाङ्मयाचा विचार समीक्षकाकडे येतो आणि तो बहुतेक वेळा लेखकाच्या हेतूची आदराने नोंद घेऊन थांबतो. हेतू उदात्त असला की संहितेची चिकित्सा करणे जणू औचित्यभंग ठरतो. त्यामुळे एक मूलभूत प्रश्न विचारावयाचा राहून जातो : सलोख्याचे वाङ्मय ज्या भाषिक घाटात लिहिले जाते तो घाट द्वेषाच्या भाषेपेक्षा खरोखर वेगळा असतो काय?

प्रस्तुत लेखात हा प्रश्न व्याकरणाच्या अंगाने मांडावयाचा आहे. बोलणारा तो प्रथमपुरुष, ज्याच्याशी बोलावयाचे तो द्वितीयपुरुष आणि ज्याच्याविषयी बोलावयाचे तो तृतीयपुरुष, हे आपण शाळेतच शिकतो. यांतील तिसरा पुरुष संभाषणाच्या बाहेर असतो. त्याच्याविषयी काहीही बोलता येते, कारण उत्तर देण्यासाठी तो तेथे उपस्थित नसतो. धर्मद्वेषाची भाषा दुसऱ्याला कायम या जागी ठेवते, हे उघड आहे. तथापि सलोख्याच्या वाङ्मयाचा बराच मोठा भाग त्याला त्याच जागी, फक्त अधिक प्रेमाने ठेवतो, असे माझे म्हणणे आहे. ज्या मोजक्या संहितांनी दुसऱ्याला प्रथमपुरुष दिला, म्हणजे 'मी' म्हणून बोलण्याचा, दोष देण्याचा आणि दुखावण्याचाही अधिकार दिला, त्यांच्यापाशीच सहिष्णुतेची काही खरी समज आढळते.

'सहिष्णुता' हा शब्दच या चर्चेत थोडी अडचण करतो. त्याच्या मुळाशी सहन करणे आहे. इंग्रजीतील प्रतिशब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थही सोसणे असाच आहे. सोसणाऱ्याला कर्तेपण मिळते आणि जो सोसला जातो तो कर्म होतो. म्हणजे या मूल्याच्या नावातच दुसऱ्याची जागा ठरून गेलेली आहे. 'समभाव', 'सद्भाव', 'सलोखा' हे पर्याय पुढे आले त्यामागे ही अडचण जाणवणे हेही एक कारण असावे. पण शब्द बदलल्याने वाक्याची रचना बदलतेच असे नाही.

२

द्वेषातून होणारा गुन्हा हा आधी एक प्रकारचे वाचन असतो. हल्लेखोर समोरच्या माणसाला ओळखत नसतो. त्याच्या शरीरावरील चिन्हे तो वाचतो आणि त्या चिन्हांच्या पलीकडे माणूस आहे हे नाकारतो. २ जून २०१४ रोजी पुण्याच्या हडपसर भागात एका तरुण संगणक अभियंत्याची हत्या झाली. शिवाजी महाराज आणि बाळ ठाकरे यांच्याविषयीचा आक्षेपार्ह मजकूर समाजमाध्यमावर पसरल्यावरून त्या दिवसांत शहरात तणाव होता. नमाज अदा करून परतणाऱ्या या तरुणाचा त्या मजकुराशी काहीही संबंध नव्हता. त्याला दाढी होती आणि त्याने फिकट हिरव्या रंगाचा सदरा घातला होता, एवढा तपशील न्यायालयीन कागदपत्रांत आला आहे. एक रंग आणि एक दाढी, एवढ्या दोन चिन्हांवरून एका माणसाचे वाचन पूर्ण झाले.

चिन्हमीमांसेच्या विद्यार्थ्याला यातील यंत्रणा परिचित वाटेल. चिन्हक आणि चिन्हित यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे सोस्यूरने सांगितले. द्वेषाची भाषा हा संबंध यादृच्छिक राहू देत नाही. ती तो स्वाभाविक, अटळ आणि एकमेव ठरवते. हिरवा रंग शेताचा, पालवीचा, बांगड्यांचा असू शकतो. जमावाच्या हाती तो एकाच अर्थाचा उरतो. अनेकार्थतेचा हा नाश शरीराच्या नाशाच्या आधी घडतो.

या प्रकरणाचा पुढील प्रवास आपल्या विवेचनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. जानेवारी २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन आरोपींना जामीन दिला. त्या आदेशातील तर्काचा आशय असा होता : आरोपींचे मृताशी वैयक्तिक वैर नव्हते, मृताचा दोष एवढाच की तो दुसऱ्या धर्माचा होता, ही बाब आरोपींच्या बाजूने विचारात घेण्याजोगी आहे, धर्माच्या नावाने त्यांना चिथावले गेले असे दिसते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला, असे कारण समर्थनीय ठरू शकत नाही असे स्पष्ट केले आणि जामीनअर्जांची फेरसुनावणी करण्यास सांगितले. वैयक्तिक हेतूचा अभाव एवढेच सुचवावयाचे असावे, ही शक्यता ध्यानात घेऊनही शब्दयोजनेतून पक्षपाताचा आभास निर्माण होतो, ही त्यामागील भूमिका होती. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने पुराव्याअभावी आरोपींची निर्दोष मुक्तता केली.

दोषमुक्तीच्या गुणावगुणांत शिरण्याचे येथे कारण नाही. २०१७ च्या आदेशातील वाक्यरचनेकडे मात्र समीक्षकाने पाहावयास हवे. 'वैयक्तिक वैर नव्हते' हे विधान सामान्य गुन्ह्याच्या संदर्भात दोष सौम्य करणारे असू शकेल. द्वेषाच्या गुन्ह्यात तेच विधान गुन्ह्याची व्याख्या असते. वैर नसताना, ओळखही नसताना मारले, यातच त्या कृत्याचे भीषणत्व आहे. 'दोष एवढाच' ही उपरोधाची शब्दकळा आहे. ती मृताच्या बाजूने उच्चारली तर विलाप होते आणि आरोपीच्या बाजूने मोजली तर सवलत होते. एकच वाक्य कोणाच्या तोंडी आणि कोणाच्या पारड्यात पडते यावर त्याचा अर्थ ठरतो, याचे इतके गंभीर उदाहरण वाङ्मयात शोधूनही सापडणार नाही.

कायद्याची संहिताही या दृष्टीने वाचता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच किंवा अधिक व्यक्तींच्या गटाने विशिष्ट कारणांवरून केलेल्या हत्येची तरतूद कलम १०३ च्या दुसऱ्या उपकलमात स्वतंत्रपणे आली. ही निश्चितच महत्त्वाची घटना होती. त्या कारणांच्या यादीत वंश, जात वा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा आणि तत्सम अन्य कारणे येतात. 'धर्म' हा शब्द मात्र तेथे लिहिलेला नाही. 'समुदाय', 'वैयक्तिक श्रद्धा' आणि 'तत्सम' या शब्दांतून तो अर्थ न्यायालयाला काढता येईल, हे खरे. पण ज्या कारणासाठी माणूस मारला गेला त्या कारणाचे नाव संहितेत अध्याहृत राहावे, हे मौन वाचकाच्या नजरेतून सुटू नये.

३

हिंसेच्या भाषेकडून आता सलोख्याच्या भाषेकडे वळू. तिचे एक रूढ अलंकरण म्हणजे समांतरता. एक हिंदू घर, एक मुसलमान घर. एक मंदिर, एक मशीद. दोन्हीकडचे एकेक माथेफिरू, दोन्हीकडची एकेक सज्जन म्हातारी. शेवटी दोन मृतदेह आणि एकाच रंगाचे रक्त. आपल्या कथा, एकांकिका आणि चित्रपट यांतून हा साचा इतक्यांदा वापरला गेला आहे की तो आशयसूत्र न राहता शिष्टाचार झाला आहे. त्यात दुसऱ्या धर्माचे पात्र येते ते त्याच्या चांगुलपणाचे प्रमाणपत्र घेऊन. ते शेजाऱ्याचा जीव वाचवते आणि पुष्कळदा त्यासाठी स्वतः मरते. त्याला राग येत नाही, तक्रार नसते, मतही नसते. हडपसरच्या जमावाने ज्याप्रमाणे दोन चिन्हांवर माणूस संपवला, त्याप्रमाणेच हा साचा एका सद्गुणावर माणूस संपवतो. हेतू संपूर्ण विरुद्ध असतात आणि त्यांची नैतिक बरोबरी करणे अन्यायाचे होईल. पण वाचनाची पद्धत एकच असते.

समांतरतेची दुसरी अडचण सत्याच्या बाजूने येते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींची चौकशी न्या. बी. एन. श्रीकृष्ण आयोगाने केली. राज्य सरकारने जानेवारी १९९६ मध्ये हा आयोग गुंडाळला आणि मे १९९६ मध्ये पुन्हा कार्यान्वित केला. फेब्रुवारी १९९८ मध्ये त्याने अहवाल सादर केला. अहवालानुसार मृतांची संख्या ९०० होती : ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ अज्ञात आणि ५ अन्य. या आकड्यांत समांतरता नाही. त्यांत एकाच समाजाचा शोकही नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगणे अहवालाच्या रूक्ष गद्याला जमले, कारण त्याने पोलीस ठाणेनिहाय, घटनानिहाय आणि साक्षनिहाय लिहिले. 'दोन्ही बाजूंनी चुका झाल्या' या वाक्यात जे दडते ते तपशिलाच्या वाक्यात दडवता येत नाही.

ज्ञानेंद्र पांडे यांनी भागलपूरच्या १९८९ च्या दंगलीनंतर लिहिलेल्या निबंधात 'तुकड्यां'ची बाजू घेतली. राष्ट्राच्या सलग कथनात दंगल हा अपवाद म्हणून येतो आणि म्हणून तिचे खरे लेखन होतच नाही, हा त्यांचा मुद्दा होता. पॉल ब्रास यांनी आणखी पुढे जाऊन दाखवले की दंगलीनंतर तिचा अर्थ लावण्याची चढाओढ हाही दंगलीचाच एक टप्पा असतो. दोष कोणाचा, हे ठरवणारी कथने पुढील दंगलीची तयारी करतात. हे मान्य केल्यास सलोख्याची कथाही त्या चढाओढीच्या बाहेर निरागसपणे उभी राहू शकत नाही. तीही अर्थ लावते, काही झाकते आणि काही उघडे करते.

भीष्म साहनी यांच्या 'तमस' या हिंदी कादंबरीला ही जाणीव आहे. १९७० च्या दंगलीनंतर साहनी भिवंडीला गेले होते. तेथील उद्ध्वस्त वस्ती पाहून १९४७ च्या रावळपिंडीच्या आठवणी जाग्या झाल्या आणि त्यातून ही कादंबरी सुरू झाली, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. कादंबरीच्या प्रारंभी नथ्थू हा कातडी कमावणारा गरीब माणूस मुराद अलीच्या सांगण्यावरून डुक्कर मारतो. ते मशिदीच्या पायरीवर टाकले जाते आणि शहर पेटते. कादंबरीच्या अखेरीस अमन कमिटीची बस शांततेच्या घोषणा देत शहरातून फिरू लागते, आणि त्या बसमध्ये घोषणा देणारा असतो मुराद अली. हा शेवट केवळ राजकीय उपरोध नाही. द्वेषाची घोषणा आणि शांततेची घोषणा एकाच कंठातून, एकाच स्वरात, तितक्याच सहजपणे निघू शकतात, ही घोषणा या वाक्प्रकाराविषयीची टीका त्यात आहे. आणि ज्याला सारे ठाऊक आहे तो नथ्थू मात्र ते उघडपणे बोलू शकत नाही. शहरात घोषणांचा कल्लोळ आहे. 'मी हे केले, मला ते करावयास लावले' हे प्रथमपुरुषी वाक्य तेवढे उच्चारले जात नाही. गोविंद निहलानी यांच्या दूरदर्शन-मालिकेविरुद्ध १९८८ मध्ये याचिका झाली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. द्वेषाचे चित्रण करणारी संहिता आणि द्वेष पसरवणारी संहिता यांत फरक असतो, हे त्यातून अधोरेखित झाले.

ज्या भिवंडीने साहनींना लिहिते केले तिच्या दंगलीची चौकशी न्या. डी. पी. मादन आयोगाने केली. भिवंडीबरोबर जळगाव आणि महाड येथील मे १९७० च्या घटनाही त्याच्या कक्षेत होत्या. ७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीतून दंगल सुरू झाली. मिरवणुकीचा मार्ग, मशिदीसमोरील गुलाल आणि दिल्या जाणाऱ्या घोषणा हे तेथील वादाचे विषय होते. गुलाल हा मराठी माणसाच्या आनंदाचा रंग आहे. तो ज्याच्या अंगावर पडतो त्याच्या संमतीवर त्याचा अर्थ अवलंबून असतो, आणि मिरवणूक ही संमती विचारत नाही. घोषणेचेही तसेच आहे. घोषणेला श्रोता असतो, पण उत्तर देऊ शकेल असा द्वितीयपुरुष तिला नसतो. घोषणेला उत्तर म्हणून केवळ प्रतिघोषणा येते.

४

घोषणेच्या उलट टोकाला मराठीत एक जुनी संहिता उभी आहे. पैठणच्या एकनाथांची (१५३३-१५९९) 'हिंदू-तुर्क संवाद' ही रचना आपल्या अभ्यासक्रमांतून राष्ट्रीय ऐक्याचा पुरावा म्हणून इतक्या घाईने पुढे केली जाते की तिच्यातील भांडण वाचावयाचे राहूनच जाते. तिच्या प्रारंभी आणि अखेरीस ऐक्य आहे, हे खरे. पण मधला सारा विस्तार कडाक्याच्या भांडणाचा आहे. तुर्क हिंदूला काफर म्हणतो. हिंदूंच्या पुराणांतील देवांच्या वर्तनावर तो बोट ठेवतो. स्नानाच्या सोपस्काराची आणि सोवळ्याओवळ्याची तो टवाळी करतो. एकमेकांच्या हातचे न खाणाऱ्या लोकांनी एकत्वाच्या गोष्टी कशा कराव्यात, असे त्याचे विचारणे आहे. हिंदूही मागे राहत नाही. ईश्वर सर्वत्र असेल तर एकाच दिशेला तोंड का, त्याला हाका मारण्याची गरज काय, जीवहत्येने पुण्य कसे लाभते, आणि हिंदूला मुसलमान करणारे ईश्वराने हिंदू निर्माण करण्यात चूक केली असे मानतात काय, अशा प्रश्नांनी तो तुर्काला घेरतो.

या संहितेतील तीन गोष्टी वाङ्मयीन दृष्टीने लक्षणीय आहेत. पहिली, भाषेची. तुर्काच्या बोलण्यात दखनी वळणाची बोली आहे. म्हणजे त्याला केवळ मत मिळालेले नाही, त्याला त्याचा आवाज मिळाला आहे. बाख्तिन यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही बहुस्वरी रचना आहे. येथे लेखकाच्या एका स्वरात दोन पात्रे वाटून दिलेली नाहीत.

दुसरी गोष्ट आरोपांच्या दर्जाची. तुर्काच्या तोंडी दिलेले आक्षेप दुबळे नाहीत. त्यांतील जातिभेदाविषयीचा आक्षेप तर एकनाथांच्या स्वतःच्या वाङ्मयातील चिंतेशी जुळणारा आहे. लेखकाला जे स्वसमाजाला सांगावयाचे आहे, पण आतून सांगितल्यास ऐकले जाणार नाही, ते तो दुसऱ्याच्या तोंडून सांगतो. दुसरा येथे आरशाचे काम करतो आणि आरसा फोडण्याची मुभा श्रोत्याला राहत नाही, कारण पुढच्याच चरणात हिंदूलाही त्याचे उत्तर मिळणार असते.

तिसरी गोष्ट शेवटाची. दोघे परस्परांना नमस्कार करून आलिंगन देतात. वादातूनच समेट निघाला, असा त्या शेवटाचा भाव आहे. समेट भांडणाच्या ऐवजी आलेला नाही. भांडण पूर्ण झाल्यामुळे आलेला आहे. आपल्या काळातील सलोख्याच्या कथा पहिल्या पानापासून आलिंगनात असतात, म्हणून त्यांच्या शेवटच्या आलिंगनाला वजन नसते.

येथे दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा, की तुर्काचा हा प्रथमपुरुष अखेर हिंदू लेखकाने दिलेला आहे. तो उसना आहे. संवादाचा समारोप वेदान्ती अद्वैतात होतो, म्हणजे निकाल एका पक्षाच्या तत्त्वज्ञानात लागतो. हे नाकारता येत नाही. तथापि त्या काळी सत्ता कोणाची होती, हेही ध्यानात घ्यावे लागते. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर मुसलमान राज्यकर्त्यांच्या सेवेत होते, असे परंपरा सांगते. राज्यकर्त्या धर्माच्या माणसाशी प्रजेतील लेखक सार्वजनिक भांडण लिहितो आणि त्यात दोघांनाही समान हातघाई देतो, यातील धैर्य आज सत्तेची दिशा बदललेली असताना सहज लक्षात येत नाही.

शिवाय मराठीत उसना न घेतलेला प्रथमपुरुषही आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत रचला. जन्माने मुसलमान असलेला हा संत मराठी ओवीत 'मी' म्हणून बोलतो. त्याला कोणी पात्र केलेले नाही. तो स्वतः निवेदक आहे. आणि तरीही २०२५ साली त्याच श्रीगोंद्यात त्यांचे स्थान मंदिर मानावयाचे की दर्गा, या वादातून आंदोलन झाले. ज्या माणसाने आयुष्यभर प्रथमपुरुषात लिहिले तो मृत्यूनंतर शतकांनी तृतीयपुरुषात ओढला जातो. तो 'कोणाचा' हे ठरवताना तो काय म्हणाला हे वाचण्याची निकड कोणाला भासत नाही.

दुसरा आक्षेप असा, की दुसऱ्याला दुखावण्याचा अधिकार दिल्यास द्वेषपूर्ण भाषणालाच मान्यता मिळेल. या आक्षेपाचे उत्तर घाटाच्या भेदात आहे. 'संवादा'तील प्रत्येक आरोप द्वितीयपुरुषी आहे. तो समोरच्याला उद्देशून आहे, आणि समोरच्याची पाळी पुढे ठरलेली आहे. द्वेषपूर्ण भाषण दुसऱ्याविषयी असते, पण दुसऱ्याला उद्देशून नसते. ते स्वकीयांच्या सभेत केले जाते. त्यात पाळी नसते. शब्द तेच असले तरी पहिल्या ठिकाणी ते वाद घालतात, दुसऱ्या ठिकाणी ते माणूस वगळतात. तेव्हा कठोर शब्द कोणते हे मोजण्यापेक्षा उत्तराची जागा ठेवली आहे काय, हे तपासणे अधिक उपयुक्त ठरेल.

५

आधुनिक मराठीत हा प्रथमपुरुष सर्वांत अस्वस्थ रूपात हमीद दलवाई यांच्या 'इंधन' (१९६५) या कादंबरीत आला. अनेक वर्षांनी कोकणातील आपल्या गावी परतलेला मुसलमान निवेदक 'मी' हा श्रद्धावान नाही. गावातील हिंदूंना तो आपला वाटत नाही आणि स्वतःच्या समाजालाही तो पुरता आपला वाटत नाही. त्याच्या डोळ्यांदेखत गावातील जुने ताण, म्हणजे जमीन, मानपान, स्त्री-पुरुषांचे चोरटे संबंध, जातीजातींतील हिशेब, हळूहळू धर्माच्या भाषेत बोलू लागतात. कादंबरीचे नावच तिचे विवेचन आहे. आग धर्माची म्हणून ओळखली जाते. जळण मात्र गावातील साऱ्या घरांतून गोळा झालेले असते.

'इंधन'मध्ये समांतरता नाही, सज्जन प्रतिनिधी नाहीत, शेवटी आलिंगन नाही. दुसऱ्या धर्माचे पात्र 'चांगले' असावे, ही अपेक्षा येथे प्रथमच सर्वथा झुगारलेली दिसते, आणि ती झुगारणारा स्वतः त्या समाजातला आहे. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना करणारे दलवाई सुधारक म्हणून स्वसमाजावर कठोर टीका करीत. त्या टीकेतील सोयीची वाक्ये उचलून तृतीयपुरुषी वापर करणारे वाचक त्यांना तेव्हाही भेटले आणि आजही भेटतात. 'मी' म्हणून केलेली टीका 'ते' म्हणून पुन्हा उच्चारली की तिचा अर्थ उलटतो. प्रथमपुरुष हा उद्धृत करून नेता येत नाही. तो ज्याचा त्यालाच वापरता येतो. कादंबरीकार दलवाई यांच्याकडे समीक्षेचे झालेले दुर्लक्ष आणि वादपटू दलवाई यांचा झालेला सोयीस्कर वापर यांचा परस्परसंबंध यादृष्टीने तपासण्याजोगा आहे.

६

संहितेबाहेर, व्यवहारात या विवेचनाचा काही उपयोग आहे काय, असे कोणी विचारील. भिवंडीकडे पुन्हा पाहिल्यास आहे असे वाटते. मे १९८४ मध्ये भिवंडीत पुन्हा मोठी दंगल झाली. त्यानंतर १९८८ पासून तेथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांची रचना उभी केली. ठरावीक प्रतिष्ठितांची शांतता समिती दंगल पेटल्यावर बोलावण्याची रूढ पद्धत बाजूला ठेवून, शांततेच्या काळात, वस्तीच्या पातळीवर, दोन्ही समाजांतील साध्या माणसांनी पोलिसांसह नियमित भेटावे, अशी ही योजना होती. त्या बैठकांचा विषय बंधुभाव हा क्वचितच असे. पाणी, कचरा, शेजाऱ्यांची भांडणे, पोलिसांविषयीच्या तक्रारी, मिरवणुकीची वाट, यांवर बोलणे होई. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. आशुतोष वार्ष्णेय यांनी आंतरधर्मीय नागरी संबंधांच्या महत्त्वाची मांडणी करताना (२००२) या उदाहरणाची नोंद घेतली आहे. मुंबईतही १९९३ च्या दंगलीनंतर मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली.

वाङ्मयप्रकार म्हणून पाहिल्यास मोहल्ला समितीची बैठक ही 'तमस'मधील बसच्या विरुद्ध आणि 'हिंदू-तुर्क संवादा'च्या जवळ आहे. बस घोषणा देत फिरते. बैठकीत प्रत्येकाची पाळी येते. बसमधून सारे एकच बोलतात. बैठकीत तक्रार करावीच लागते, किंबहुना तक्रार हाच बैठकीचा विषय असतो. माणूस तेथे आपल्या धर्माचा प्रतिनिधी म्हणून कमी आणि अमुक नळावर रांग लावणारा म्हणून अधिक बोलतो. धर्माचे चिन्ह पुसले जात नाही, पण त्याच्या शेजारी आणखी चार चिन्हे येऊन बसतात. अनेकार्थता परत मिळते.

या रचनेला कायमची सिद्धी मानण्याचे मात्र कारण नाही. जुलै २००६ मध्ये भिवंडीत दफनभूमीलगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्याच्या वादातून हिंसा उसळली. पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. हा तंटा दोन समाजांतील नव्हता, वस्ती आणि पोलीस यांच्यातील होता. म्हणजे ज्या दुव्यावर समित्या उभ्या होत्या तोच दुवा तुटला होता. संवादाचा घाट एकदा सापडला की पुरतो असे नाही. अधिकारी बदलतात, बैठका थंडावतात, आणि बोलण्याची सवय सुटली की घोषणा तयारच असते.

मराठी समीक्षेपुढे यातून एक मर्यादित पण निश्चित काम येते. सलोख्याच्या वाङ्मयाला हेतूसाठी गुण देणे तिने थांबवावे आणि संहितेला तीन प्रश्न विचारावेत. दुसरा येथे 'मी' म्हणतो काय? त्याला त्याची भाषा मिळाली आहे काय? आणि तो लेखकाला, वाचकाला न आवडणारे काही बोलू शकतो काय? या कसोटीवर आपल्या पाठ्यपुस्तकांतील अनेक धडे, गाजलेल्या कथा आणि पारितोषिकप्राप्त एकांकिका टिकणार नाहीत. काही विस्मृत संहिता मात्र पुढे येतील. हडपसरच्या तरुणाला त्या रात्री कोणी नाव विचारले नाही, तो कोठून येतो हे विचारले नाही, त्या मजकुराविषयी त्याचे काय म्हणणे आहे हेही विचारले नाही. त्याचे म्हणणे काय असते, हे आता कोणालाच कळणार नाही. वाङ्मयाने निदान आपल्या पानांवर तरी हा प्रश्न विचारल्यावाचून कोणाला मरू देऊ नये, आणि कोणाला केवळ चांगला म्हणून जगूही देऊ नये.